समुद्राकाठचे काँक्रीट : टिकाऊपणा कसा जोखावा

काही वर्षांपूर्वी शाळेची सहल मुंबईस गेली होती. दादरला चैत्यभूमीवर वंदन करून आम्ही मुलांना मरीन ड्राइव्हवर नेले. सातपुड्यातील काठी आणि आसपासच्या पाड्यांवरून आलेल्या या मुलांपैकी बहुतेकांनी समुद्र प्रथमच पाहिला. लाटांचे कौतुक ओसरल्यावर सातवीतील एका मुलाने विचारले, "सर, येताना खाडीकाठच्या इमारतीच्या खांबांतून गंजलेल्या सळया बाहेर आल्या होत्या. मग हे चार पायांचे दगड रोज खाऱ्या पाण्यात असतात, ते का नाही फुटत?" आम्ही इतिहासाचे शिक्षक, त्या वेळी उत्तर देता आले नाही. परतल्यावर अभियंता झालेल्या माजी विद्यार्थ्यांना विचारले, मिळतील ती पुस्तके वाचली. ते राहून गेलेले उत्तर स्मरणिकेच्या निमित्ताने येथे मांडीत आहोत.

मुलाच्या प्रश्नातच अर्धे उत्तर होते. ते चार पायांचे ठोकळे, म्हणजे टेट्रापॉड, निव्वळ काँक्रीटचे असतात. त्यांत सळई नसते. समुद्र काँक्रीटपेक्षा त्यातील लोखंडाचा मोठा वैरी आहे. रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख आणि चुना यांच्या मिश्रणाने समुद्रात धक्के बांधले. राजा हेरोदाने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात कैसरिया येथे बांधलेल्या बंदराचे अवशेष आजही पाण्याखाली आहेत. त्यांतही लोखंड नव्हते. अर्थात रोमनांना सागरी सेतू बांधायचा नव्हता. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसत नाही. तुळई वाकली की तिच्या खालच्या अंगाला ताण पडतो, आणि तो सोसण्यासाठी सळई लागतेच.

आमच्या मुलांना हे कुडाच्या भिंतीवरून लगेच समजते. बांबूच्या कामट्यांचा कूड विणायचा आणि त्यावर माती-शेण लिंपायचे. लिंपण जाड आणि अभंग असेल तोवर आतला बांबू सुरक्षित. लिंपण झडले की वाळवी आत शिरते. काँक्रीटमधील सळईवरच्या थराला अभियंते 'कव्हर' म्हणतात. ते हेच लिंपण होय.

फरक एवढाच की, काँक्रीटचे लिंपण रासायनिक संरक्षणही देते. ताज्या काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचा सामू सुमारे 12.5 ते 13 असतो. एवढ्या अल्कधर्मी परिसरात सळईवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा तयार होतो आणि गंज थांबून राहतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांतील निम्म्याहून अधिक वजन क्लोराइडचे असते. हे क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत झिरपते. सळईपाशी त्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की तो पापुद्रा जागोजागी फुटतो. तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. त्याच्या फुगण्याने काँक्रीटला सळईच्या रेषेत तडा जातो, पुढे खपली निघते, आणि मग समुद्राला दारच उघडे मिळते.

समुद्रातील बांधकामाचा सर्वांत धोक्याचा भाग खोल पाण्यातला नसतो, ही गोष्ट आम्हांला प्रथम पटली नव्हती. कायम बुडालेल्या भागात क्लोराइड भरपूर असते, पण प्राणवायू अत्यल्प, त्यामुळे गंज फार मंद चालतो. भरती-ओहोटीचा पट्टा आणि त्याच्या वर जिथे लाटांचे तुषार उडतात तो भाग खरा झिजतो. तेथे पृष्ठभाग भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. प्रत्येक वेळी पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. भारतीय मानक आयएस 456 (2000) मधील वर्गीकरण याच अनुभवावर उभे आहे. पूर्ण बुडालेले काँक्रीट 'तीव्र' वर्गात, तुषार झेलणारे 'अतितीव्र' वर्गात आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले सर्वांत वरच्या 'आत्यंतिक' वर्गात. या शेवटच्या वर्गासाठी किमान एम 40 प्रतीचे काँक्रीट, पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.40 पेक्षा जास्त नाही, आणि कव्हर 75 मिलिमीटर. कोरड्या, सौम्य हवेसाठी तेच कव्हर 20 मिलिमीटर चालते.

या आकड्यांमागे किती मोठी किंमत मोजलेली आहे हे पणजीला विचारावे. मांडवी नदीवरील नेहरू पूल 1970 च्या सुमारास बांधला गेला आणि 5 जुलै 1986 रोजी कोसळला. पुलाचे वय जेमतेम सोळा वर्षे. पणजी आणि पर्वरी यांमधील वाहतूक फेरीबोटींवर आली, आणि खाऱ्या हवेतील गंज हा विषय देशभरच्या अभियंत्यांच्या चर्चेत आला. ठाणे खाडीवरील 1973 चा वाशीचा पहिला पूलही असाच लवकर आजारी पडला. दुरुस्त्या झाल्या, निर्बंध आले, आणि 1997 मध्ये शेजारी दुसरा पूल वाहतुकीस खुला झाला. हे दोन्ही पूल पूर्वताणित काँक्रीटचे होते, म्हणजे त्यांत ताणून बसविलेल्या पोलादी तारा होत्या. साधी सळई गंजताना तडे पाडून सूचना तरी देते; ताणलेली तार आतल्या आत झिजून अचानक तुटू शकते. याउलट, 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू शंभर वर्षांच्या हिशेबाने बांधला आहे. त्याच्या सुमारे 21.8 किलोमीटर लांबीपैकी 16.5 किलोमीटर समुद्रावर आहे. हिशेब खरा ठरला की नाही हे आज पाचवीत असलेल्यांची नातवंडे पाहतील.

मग जुन्या बांधकामाचा टिकाऊपणा जोखायचा कसा? पहिली पायरी डोळे आणि हातोडी. गंजाचे तांबूस ओघळ, सळईच्या रेषेतले तडे पाहायचे. हलकेच ठोकून पाहायचे. खणखणीत आवाज आला तर बरे, बद्द आवाज आला तर आत थर सुटलेला. ध्वनिलहरींची चाचणीही असते: सेकंदाला साडेचार किलोमीटरहून अधिक वेगाने लहरी गेल्या तर काँक्रीट उत्तम, तीनपेक्षा कमी वेग आला तर संशयास्पद. तथापि ही चाचणी काँक्रीटची घनता सांगते, सळईची प्रकृती नव्हे. सळईसाठी विद्युत विभव मोजतात. एक तार सळईला जोडायची, दुसरी मोरचुदाच्या द्रावणात बुडविलेल्या तांब्याच्या कांडीला, आणि ती कांडी ओल्या पृष्ठभागावर फिरवायची. वाचन उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेले तर गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक. किती लोखंड खाल्ले गेले, हे मात्र ती सांगत नाही.

सर्वांत उपयुक्त चाचणी आम्हांला भुकटीची वाटते. पृष्ठभागापासून थोड्या थोड्या खोलीवर भोक पाडून भुकटी गोळा करतात आणि प्रत्येक थरातील क्लोराइड मोजतात. मीठ कुठवर पोहोचले आणि सळई किती दूर आहे, हे कळले की उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधता येतो. हा प्रवास सरळ चालीने होत नाही. खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून कव्हर दुप्पट केले तर संरक्षणाचा काळ सुमारे चौपट होतो. उलटही तितकेच खरे. 50 मिलिमीटरऐवजी 25 ठेवले, तर जे मीठ चाळीस वर्षांनी पोहोचायचे ते दहाव्या वर्षी पोहोचेल.

आमच्या तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा भडोचच्या पुढे समुद्राला मिळते. त्यापलीकडे आमचा समुद्राशी संबंध नाही. तरीही हा लेख येथे अस्थानी नाही. गंजाला मीठच हवे असे नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटचा सामू उतरवतो आणि पापुद्रा तेव्हाही नष्ट होतो. आम्ही पूर्वी ज्या वसतिगृहावर होतो, तेथे दिवाळीच्या सुट्टीत शयनगृहाच्या छताची मोठी खपली एका खाटेवर पडली. मुले घरी होती. सळई उघडी पडल्यावर दिसले की कव्हर बोटाच्या पेराएवढेही नव्हते. ओतकामाच्या वेळी सळईखाली ठोकळे ठेवलेच नव्हते. चार-सहा ठोकळ्यांची बचत कोणी केली, हे शेवटपर्यंत ठरले नाही. गरिबांच्या मुलांच्या इमारतींची तपासणी खपली पडल्यावरच का व्हावी, हा प्रश्न आम्ही तेव्हा लेखी विचारला होता. बांधकाम हा आपला विषय नव्हे, असे आमच्यातील काही जण म्हणाले. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, तेव्हा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागही त्यांच्याकडेच होता, याची आम्ही त्यांना आठवण करून दिली.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पाण्याच्या टाकीचा एक खांब आम्ही मुलांकडूनच तपासून घेतला. कोपऱ्यातील लहान तुकडा गवंड्याने काढून दिला आणि ताज्या कडेवर प्रयोगशाळेतील फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले. अल्कधर्मी भाग गुलाबी होतो, निकामी झालेला तसाच राहतो. बाहेरचा करंगळीच्या रुंदीएवढा पट्टा राखाडी राहिला, त्याच्या आत लख्ख गुलाबी रंग उमटला, आणि सळई त्या गुलाबी भागात होती. मुलांनी पट्टीने अंतर मोजून तारखेसह वहीत नोंदविले. तोच खांब तीन वर्षांनी पुन्हा पाहायचा आहे. वही विज्ञानाच्या कपाटात ठेवली आहे.