साखर वाढली, मग पोटॅशियम का तपासतात?

मधुमेहाचा रुग्ण दवाखान्यात येतो, साखर 400 च्या वर गेलेली असते आणि डॉक्टर पोटॅशियमही तपासायला सांगतात. नातेवाइकांना वाटते, उगाच खर्च वाढवतात. तसे नाही.

पोटॅशियम हा केळी, शहाळे, बटाटा, डाळी यांतून मिळणारा क्षार. शरीरातले सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तात असतो तो थोडासा अंश, लिटरमागे साधारण 3.5 ते 5 मिलीइक्विव्हॅलंट. पण हृदयाचे ठोके नीट पडण्यासाठी हा अंश जास्त होऊन चालत नाही आणि कमी होऊनही चालत नाही.

इन्सुलिन साखरेला पेशीत नेते, हे आपण ऐकलेले असते. तेच पोटॅशियमलाही आत नेते. इन्सुलिन कमी पडले की पोटॅशियम रक्तातच राहते. शिवाय रक्तातली वाढलेली साखर पेशींतले पाणी ओढून घेते आणि त्याबरोबर पोटॅशियमही बाहेर येते. त्यामुळे रिपोर्टमधला आकडा वाढलेला किंवा अगदी ठीक दिसतो. इकडे सारखी लघवी आणि उलट्या यांवाटे शरीरातला साठा मात्र संपत चाललेला असतो. कणगी रिकामी होत असावी, पण धान्य अंगणात पसरलेले असल्याने भरपूर वाटावे, असा हा प्रकार.

उपचार सुरू झाले की खरी परीक्षा. इन्सुलिनमुळे पोटॅशियम झपाट्याने पेशींत परतते आणि रक्तातले प्रमाण कोसळते. स्नायू दुबळे होतात, ठोके बिघडतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून साखर वाढून रक्तात आम्ल साचले असेल आणि पोटॅशियम फारच कमी असेल, तर डॉक्टर आधी पोटॅशियम देतात, मगच इन्सुलिन. ‘साखर एवढी, तरी इन्सुलिन का देत नाही?’ म्हणून भांडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांची काळजी खरी असते, पण ते थांबणे रुग्णासाठीच असते.

जुन्या मधुमेहात मूत्रपिंडे कमजोर झाली असतील, तर उलटे घडते. पोटॅशियम बाहेर पडत नाही, साचते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ते वाढते. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपली रीत चांगली, पण अशा रुग्णाला ते पाजण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

मधुमेही माणसाला खूप तहान, उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. 108 ला फोन करावा आणि तो घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात.