अठराशे

मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात प्रेस मशीन चालवणाऱ्या काकांच्या पगाराच्या स्लिपा पाहिल्या आणि एक आकडा डोक्यातून जाईना. अकरा वर्षांत त्यांचा पगार सोळा हजारांवरून सव्वीस हजारांवर गेला, पण पीएफची कपात तेव्हाही अठराशे आणि आजही अठराशेच. म्हणून त्यांच्या गाळ्याचं पीएफचं काम बघणाऱ्या ऑफिसात गेलो.

ऑफिस म्हणजे साकीनाक्याच्याच एका इंडस्ट्रियल इस्टेटीतला पोटमाळा. खाली पावडर कोटिंग चालतं. भट्टीतून निघालेल्या पत्र्याचा जळका वास वरच्या फायलींनाही लागलाय. ऑगस्ट २०२५ची १३ तारीख होती. जुलैचा भरणा १५ तारखेच्या आत करायचा आणि १५ला सुट्टी, त्यामुळे तिथल्या ताईंना मान वर करायला फुरसत नव्हती. व्हॉट्सॲपवर आलेली हजेरी, त्यावरून पगारपत्रक, मग पीएफच्या मासिक विवरणाची ईसीआर फाइल, चलन, बँक.

ताईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका रकान्यात वरपासून खालपर्यंत १,८००. पगार सतरा हजार असो की चाळीस हजार.

“पंधरा हजारांचे बारा टक्के,” त्या म्हणाल्या. “अठराशेच येणार.”

पगार कितीही असला तरी पंधरा हजारांपुढच्या रकमेवर भरायला मालक बांधलेला नाही. कामगाराला जास्त कापून घेता येतं, पण मालकाने तेवढी भर घालायलाच हवी असं नाही. मालकही अठराशेच भरतो; त्यातले १,२५० पेन्शनकडे जातात, फंडात उरतात ५५०. हे ऐकल्यावर काकांच्या पासबुकातल्या त्या बारीक आकड्यांचा उलगडा झाला.

१९५२ला पगाराची ही मर्यादा ३०० रुपये होती. १९९४ला ती ५,००० झाली, २००१ला ६,५००. पुढे तेरा वर्षं काही नाही. १ सप्टेंबर २०१४ला १५,००० झाली, ती ऑगस्ट २०२५लाही तिथेच होती. अमेरिकेत नोकरदारांना ४०१(के) या निवृत्ती खात्यात वर्षाला भरता येणाऱ्या रकमेची मर्यादा महागाईकडे बघून दरवर्षी ठरते. २०२४ला २३,००० डॉलर होती, २०२५ला २३,५००. आपल्याकडे महागाई भत्ता महागाईच्या निर्देशांकावर ठरतो, मग म्हाताऱ्या वयाच्या पुंजीलाच तो निर्देशांक का लागू नये? व्याज सव्वाआठ टक्के मिळतं आणि ते चांगलंच आहे. पण मुद्दलच गोठवून ठेवलं तर व्याज तरी किती धावणार?

पेन्शनचंही तेच. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पंधरा हजार आणि पस्तीस वर्षं धरली तर महिना ७,५००. काकांनी हा हिशोब ताईंकडून दोनदा करून घेतला होता.

खरा घाव मात्र नव्या पोरांवर बसतो. पहिल्याच नोकरीत मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून पंधरा हजारांच्या वर गेला, तर पीएफ लावणं बंधनकारक राहत नाही. मी बसलो होतो तेवढ्यात काकांच्याच गाळ्यात सीएनसी मशीनवर नव्याने लागलेल्या एका मुलाचे कागद आले. बेसिक साडेसोळा हजार. ताईंनी मालकाला फोन लावला.

“शेठ, याला घ्यायचा का फंडात? दोघांची संमती लागेल.”

पलीकडून उत्तर आलं, मुलालाच हातात जास्त पगार हवाय. हे खोटं असेल असं मी म्हणणार नाही. वीस-बावीसच्या वयात साकीनाक्यात खोलीचं भाडं भरणाऱ्याला हातातला पैसा मोठा वाटतो, म्हणून तर कायद्याने सक्ती केली. सक्तीची रेषा अकरा वर्षं जागची हलली नाही आणि पगार तिला ओलांडून गेले.

जेवणाच्या सुट्टीत काकांनी त्या मुलाला गाळ्याच्या दारात गाठलं. “कापून घे रे बाबा. माझ्या मुलीचं लग्न फंडावर झालंय.” मुलाने मान डोलावली. घरी विचारतो म्हणाला.

संध्याकाळी ताईंनी चलन भरलं. त्यात त्याचं नाव नव्हतं. संमतीचा कोरा अर्ज त्यांनी मालकाला पाठवून दिला होता.