विश्लेषण : ‘एकदम चिल्ड’ बिअर खरेच चांगली लागते का? मालवणी माशांसोबत लागरची चव कशी ओळखावी?

दिवाळीच्या सुट्टीपासून मे अखेरीपर्यंत मालवण, तारकर्ली, देवबागकडे पर्यटकांचा ओघ असतो. दुपारी समुद्रावरून परतल्यावर तळलेली सुरमई आणि सोबत बिअर, असा अनेकांचा बेत ठरलेला. ऑर्डर देतानाचे वाक्यही ठरलेले : ‘एकदम चिल्ड द्या.’ पण बिअर इतकी गार प्यायली की तिची चवच कळत नाही. मग ती चांगली आहे की बिघडलेली, हे ग्राहकाला समजणार कसे? कोकणपट्टीच्या उन्हात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण फिकट सोनेरी ‘लागर’ हा बिअरमधील अत्यंत नाजूक प्रकार. तिच्यात दोष झाकायला जागाच नसते.

लागर म्हणजे नेमके काय?

माडी ठाऊक असलेल्यांना हे पटकन कळेल. माडाचा ताजा रस गोड असतो, पण हवेतले यीस्ट आणि कोकणातली उष्णता मिळून काही तासांतच तो आंबवतात. लागर याच्या अगदी उलट. तिचे यीस्ट साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसला संथपणे काम करते आणि नंतर ती शून्य अंशाच्या आसपास कित्येक आठवडे मुरत ठेवली जाते. जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठवणे. नाव तिथूनच आले.

आजच्या फिकट लागरचा जन्म बोहेमियातील (आताचे चेक प्रजासत्ताक) पिल्सन शहरातला. १८३८ मध्ये तिथल्या नागरिकांनी खराब बिअरची पिंपे चौकात ओतून निषेध केला होता. त्यातून नवी ब्रुअरी उभी राहिली आणि १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने फिकट माल्ट, मऊ पाणी आणि ‘साझ’ जातीचे हॉप्स वापरून सोनेरी बिअर तयार केली. हीच पहिली पिल्सनर. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी लागरचे यीस्ट शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यामुळे दर खेपेला सारखीच चव देणारी बिअर बनवणे शक्य झाले. भारतात किंगफिशरपासून हायनेकेनपर्यंत बहुतेक परिचित नावे याच कुळातली आहेत.

भारतीय नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर ‘माइल्ड’, तर त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत ‘स्ट्राँग’. चव घेऊन प्यायची असेल तर माइल्डच निवडावी. स्ट्राँगमध्ये अल्कोहोलचा चटका आणि गोडसरपणा यांत हॉप्सचा नाजूक कडवटपणा हरवतो.

मग किती गार?

युरोपीय पद्धतीच्या लागरसाठी ४ ते ७ अंश पुरेसे. घरचा फ्रिज नीट चालत असेल तर तो साधारण तेवढाच गार असतो. त्याखाली गेल्यास दोन गोष्टी घडतात. सुगंधाचे रेणू द्रवातून बाहेर पडत नाहीत आणि जिभेची गोडी ओळखण्याची क्षमताही मंदावते. जाहिरातींतले बर्फाळ ग्लास याच कारणाने फसवे : जितके गार, तितके दोष झाकलेले.

अर्थात बाहेर ३३ अंश आणि दमट हवा असताना ग्लासातली बिअर काही मिनिटांत कोमट होते, हेही खरे. बाटलीत तिच्या आकारमानाच्या साधारण अडीचपट कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणजे ६५० मिलीच्या बाटलीत दीड लिटरहून अधिक वायू. द्रव तापला की हा वायू निसटतो आणि बिअर मिळमिळीत होते. उपाय बर्फगार करण्याचा नाही, थोडी थोडी ओतण्याचा आहे. छोटा ग्लास घ्यावा आणि बाटली बर्फ-पाण्यात ठेवावी. त्या पाण्यात मूठभर मीठ टाकले तर कोमट बाटलीही पंधरा-वीस मिनिटांत गार होते.

हा बर्फ ग्लासात मात्र नको. एक तर बिअर पाणचट होते. दुसरे म्हणजे मासळीसाठी वापरला जाणारा बर्फ खाण्यायोग्य नसतो. असा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचा नियम २०१८ मध्ये आला. त्यामुळे बाटली अशा बर्फातून काढली असेल तर तिचे तोंड धुऊन पुसूनच ओतावी.

उन्हात ठेवलेल्या बाटलीचे काय होते?

किनाऱ्यावर सर्वाधिक दुर्लक्षित होणारी बाब हीच. हॉप्समधले कडवट घटक आणि बिअरमधले रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी-२) यांच्यावर प्रकाश पडला की रासायनिक प्रक्रिया होऊन गंधकयुक्त थायॉल तयार होते. त्याचा वास जळक्या रबरासारखा, उग्र. अमेरिकेत त्याला स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीची उपमा देतात. एक लाख कोटी भागांत या रसायनाचे काही भाग असले तरी नाकाला कळते. पारदर्शक बाटली भर उन्हात असेल तर यासाठी काही मिनिटे पुरतात. हिरवी काच थोडेसेच संरक्षण देते, तपकिरी बरेच आणि कॅन पूर्ण. काही उत्पादक प्रकाशात न बिघडणारे, प्रक्रिया केलेले हॉप्स वापरतात, पण ते बाटलीकडे पाहून कळत नाही.

नुसत्या उष्णतेचा परिणाम वेगळा. तापमान १० अंशांनी वाढले की बिअर शिळी होण्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. ‘एकदा गार झालेली बाटली पुन्हा तापली की वाया’ हा समज मात्र चुकीचा. वीज जाऊन फ्रिज दोन तास बंद राहिला म्हणून काही बिघडत नाही. ती एकूण किती दिवस तापत होती, हे महत्त्वाचे. म्हणून घेताना उत्पादनाची तारीख पाहावी. दुकानाच्या दर्शनी, उन्हाच्या बाजूला मांडलेली हिरवी बाटली टाळावी आणि आतल्या खोक्यातली मागावी.

बाटलीतून थेट पिण्याची सवयही मोडायला हवी, कारण चवीचा मोठा हिस्सा वासात असतो. ग्लास तिरका धरून ओतायला सुरुवात करायची, शेवटी सरळ करून दोन बोटे फेस येऊ द्यायचा. फेस टिकत नसेल तर संशय आधी ग्लासावर घ्यावा. तेलाचा किंवा साबणाचा अंश फेस मारतो. तळलेला मासा खाऊन ओठ न पुसता प्यायलो तरी तेच होते. मग हुंगायचे : ताज्या पावाचा, किंचित गवताचा वास हवा. घोट घेतल्यावर आधी हलकी गोडी, शेवटी स्वच्छ कडवटपणा, आणि तोंड कोरडे व्हायला हवे. पहिल्या घोटात काही खटकले तर पाच मिनिटे थांबून पुन्हा प्यावे. थोडी तापलेली बिअर दोष लपवत नाही.

मालवणी ताटात तिची जागा कुठे?

सर्वांत चांगली जोडी रवा लावून तळलेल्या माशाची : सुरमई, बांगडा, सौंदाळे. बुडबुडे आणि कडवटपणा जिभेवरचा तेलाचा थर मोडतात, मीठ बिअरचा कडवटपणा सौम्य करते, आणि रव्याच्या खरपूस कवचाची चव माल्टच्या चवीशी जुळते. तिसऱ्यांचे सुके, त्यातल्या ओल्या खोबऱ्याच्या गोडीमुळे, तितकेच छान जमते. सुक्या कोळंबीची किसमूर तर चकण्याला कोणत्याही पाकीटबंद शेंगदाण्याहून सरस.

गडबड होते ती कालवणाशी. तिखटावर थंड बिअर उतारा आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मिरचीतले कॅप्सेसिन स्निग्ध पदार्थांत विरघळते. ५ टक्के अल्कोहोल त्याला धुऊन काढायला अपुरे असते. उलट कार्बन डायऑक्साइडचे आम्ल जिभेवरच्या वेदनेच्या संवेदकांनाच चेतवते. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असेल तर जीभ आधीच झिणझिणलेली असते. तिरफळ हे सिचुआन मिरीच्या कुळातलेच. त्यावर नाजूक लागर ओतणे म्हणजे पैसे समुद्रात टाकणे.

कालवण-भातासोबत मान सोलकढीचाच. नारळाच्या दुधातला स्निग्धांश तिखट खरोखर शमवतो. मात्र सोलकढी आणि बिअर आलटून पालटून पिऊ नये, कोकमाच्या आंबटपणापुढे लागर बेचव लागते. आधी तळलेले आणि बिअर, मग जेवण आणि सोलकढी, असा क्रम ठेवावा. कोंबडी-वड्यांत वडे लागरशी जुळतात, पण भाजक्या खोबऱ्याचा रस्सा तिला दाबून टाकतो.

गोव्याची स्वस्त बाटली महागात पडते

गोव्यात मद्य स्वस्त आहे आणि तिथे मद्यपानासाठी वयाची अट १८ वर्षांची. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी ती २१ आहे, शिवाय मद्यसेवनाचा परवाना लागतो. मोपाला उतरून गाडीने मालवणला येणारे पर्यटक अनेकदा डिकीत खोका टाकतात. गोवा राज्यात विक्रीसाठी असलेले मद्य महाराष्ट्रात आणणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुली येथे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका असून तिथे मुद्देमालासह वाहनही जप्त होऊ शकते. वर ती बाटली बंद डिकीत तासन्‌तास तापलेली असते, हा वेगळा तोटा.

परतीच्या रस्त्याचा नियम दोन्ही राज्यांत एकच आहे. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास चालकाला पहिल्या गुन्ह्यासाठी १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. माइल्ड बिअरची ६५० मिलीची एक बाटलीही अनेकांना या मर्यादेपलीकडे नेते. आणि स्कूबा किंवा पोहणे ठरले असेल, तर बिअर पाण्यातून बाहेर आल्यानंतरच.