जयंतीच्या आठवड्यातले ऊन आणि हवामानाचा अंदाज



एप्रिलचा दुसरा आठवडा म्हणजे आपल्या वस्त्यांत रंगरंगोटी, निळे झेंडे, विहाराची सजावट आणि वर्गणीचा हिशेब. नेमका याच आठवड्यात विदर्भातला पारा चाळिशीला टेकतो. पंचांगात हा वसंत असेल, पण एप्रिलच्या मध्यावर नागपूरचे कमाल तापमान साधारण ४० अंशांच्या आसपास असते. हवामानाचा अंदाज मोबाईलवर सगळेच बघतात, पण तो आपल्या घराला लावून फार थोडे बघतात. म्हणून या वेळी आम्ही त्याबद्दलच लिहीत आहोत.

हवामान खात्याचा तापमापक मोकळ्या जागी, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, झरोके असलेल्या पांढऱ्या पेटीत असतो. त्याला वारा लागतो, पण ऊन थेट लागत नाही. बातमीत येणारे ४१ अंश हे त्या सावलीतले असतात. आपली खोली दहा बाय दहाची. वर टीन, एकच दार, आत पेटलेला गॅस आणि शेजारच्या घराला भिंत चिकटलेली. तापलेले टीन दुपारभर खालच्या माणसावर उष्णता सोडत राहते. त्यामुळे बातमीतला आकडा आपल्यासाठी कमीत कमी आहे असे धरा, खरा त्याच्या वर.

आणखी एक गोष्ट. अंदाजात 'उष्णतेची लाट' हा शब्द दिसला नाही की लोक निर्धास्त होतात. खात्याचा नियम असा, की सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० पाहिजे आणि ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त पाहिजे, किंवा सरळ ४५ गाठले पाहिजे. आता आपले नेहमीचेच ४० असेल तर ४३ ला लाट म्हणणार नाहीत. नियम खात्याच्या कामासाठी ठीक आहे, पण गवंड्याच्या हाताखाली विटा उचलणाऱ्या बाईचे शरीर तो वाचून तापत नाही. लाट जाहीर होण्याची वाट बघू नका. पिवळा इशारा आला तरी तो आपल्यासाठी नारंगी समजा.

कमाल आकड्याखाली एक लहान आकडा असतो, किमान तापमान. आमच्या मते वस्तीसाठी तोच जास्त महत्त्वाचा. दिवसभर तापलेले शरीर रात्री निवते, तेव्हाच हृदयाला आणि मूत्रपिंडाला विसावा मिळतो. नागपुरात या दिवसांत पहाटे २३-२४ अंश असतात. हाच आकडा २७-२८ दाखवत असेल, तर सिमेंटची भिंत आणि टीन रात्रभर निवणार नाही. अशा रात्री म्हाताऱ्या माणसांना अंगणात किंवा विहाराच्या मोकळ्या ओट्यावर झोपवा. मच्छरदाणी विसरू नका.

आता १३ तारखेची रात्र बघा. मध्यरात्री बाबासाहेबांना अभिवादन करायला आपण संविधान चौकात जातो, पहाटे परततो, सकाळी दीक्षाभूमी आणि दुपारी वस्तीची मिरवणूक. म्हणजे झोप नाही, पोटात नीट अन्न नाही आणि वर ४० अंश. जाऊ नका असे आम्ही म्हणणार नाही, आम्हीही जातोच. पण १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर काय झाले ते आठवा. भर उन्हात चाललेल्या सरकारी कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ माणसे गेली. त्या दिवशी तिथे पारा ३८ अंशांच्या आसपास होता, आपण ज्याला 'आज बरे आहे' म्हणतो तेवढा. पण किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. आपल्याकडे उलटे असते. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, त्यामुळे किती पाणी गेले ते कळत नाही. तहान लागेपर्यंत थांबायचे नाही ते यासाठी.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक स्पष्ट सांगणे. मिरवणूक दुपारी १२ ते ४ मध्ये काढू नका, सूर्य कलल्यावर काढा. पाण्याचे ड्रम तुम्ही ठेवता, पण शौचालयाची सोय कोण बघतो? आमच्या भगिनी मिरवणुकीच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. कारण वाटेत जायला जागा नसते. चक्कर येऊन पडलेल्या बाईला लोक ऊन लागले म्हणतात, पण खरे कारण तिने सकाळपासून टाळलेले पाणी असते. डीजेच्या खर्चातून एक फिरते शौचालय नक्की निघेल.

सिकलसेलबद्दल वेगळे सांगावेच लागेल, कारण विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरातले पाणी कमी झाले की रक्तपेशी अडकतात आणि हाडे, छाती, पोट असह्य दुखू लागते. ज्या घरात 'एसएस' पॅटर्नचे मूल आहे, त्याला या आठवड्यात नाचायला, लेझीम खेळायला पाठवताना विचार करा. पाण्याची बाटली त्याच्या हातातच असू द्या. ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांनी आणि मानसिक आजारावर औषध घेणाऱ्यांनी उन्हाळ्याबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे. गोळी मनाने बंद करू नये.

मठ्ठा, पन्हे, लिंबूपाणी सगळे चांगले. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचे, अर्धे-अर्धे नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खिशात कांदा ठेवणाऱ्यांनी खुशाल ठेवावा. त्याने ऊन अडत नाही, एवढे लक्षात असू द्या.

माणूस उन्हात बडबडू लागला, ओळखेनासा झाला, झटका आला किंवा शुद्ध गेली, अंग भट्टीसारखे लागले, तर तो उष्माघात. घाम असो वा नसो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, श्वासनलिकेत जातो. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, तो ताप वेगळा.

कूलर असेल तर समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवा. बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो. पाणी भरताना आधी पिन काढा, मग टाकीला हात लावा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे जातात, आणि त्यात पाणी भरणाऱ्या बायका आणि पोरे असतात.

याच आठवड्याच्या अंदाजात कधी कधी 'मेघगर्जनेसह वादळी पाऊस' असेही येते. तसे दिसले तर मंडपाचे दोर त्याच दुपारी तपासा, छतावरच्या टिनावर ठेवलेले दगड बघा. वीज कडाडू लागली की मंडपाखाली, झाडाखाली किंवा लोखंडी खांबापाशी कोणाला थांबू देऊ नका. सगळ्यांना विहाराच्या पक्क्या इमारतीत घ्या.