ॲप मिनिटांत, शक्यता कोटी कोटी

वीस बायकांचा बचत गट. दर महिन्याला बैठक, हजेरी, हप्ता, कुणाला कर्ज, कुणाची परतफेड. आजवर हे सगळं एका लांब वहीत मावत आलं. आता लवेबल, बोल्ट किंवा रेप्लिटसारख्या एआय साधनाला साध्या मराठीत सांगायचं: ‘गटात २० सभासद आहेत. महिन्याचा हप्ता २०० रुपये. बैठकीला कोण आलं, कुणी हप्ता भरला, कुणाचं कर्ज बाकी आहे, ते दिसेल असं ॲप करून दे.’ काही मिनिटांत ॲपचा पहिला नमुना पडद्यावर उभा राहतो. बटणं दाबली जातात, बेरजा होतात, थकलेला हप्ता लाल दिसतो.

हा वेग किती झपाट्याने वाढला ते पाहा. २०२२मध्ये गिटहब या कंपनीने ९५ प्रोग्रामरना एकच काम दिलं: जावास्क्रिप्टमध्ये छोटा वेब सर्व्हर लिहा. ज्यांच्याकडे एआय मदतनीस नव्हता त्यांना सरासरी २ तास ४१ मिनिटं लागली. ज्यांच्याकडे होता त्यांना १ तास ११ मिनिटं. तेव्हा एआय पुढची ओळ सुचवायचं, लिहिणारा माणूसच होता. फेब्रुवारी २०२५मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव रूढ केलं, म्हणजे कोडकडे न बघता फक्त काय हवं ते सांगत जायचं. त्याच सुमारास नवउद्योगांना पाठबळ देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरने सांगितलं, की त्यांच्या नव्या तुकडीतल्या पाव कंपन्यांचा ९५ टक्के कोड एआयने लिहिलेला आहे.

त्या काही मिनिटांत यंत्र किती राबतं? ज्याचे आकडे जाहीर आहेत असं २०२०चं जीपीटी-३ हे एआय मॉडेल घेऊ. त्यात १७,५०० कोटी पॅरामीटर, म्हणजे शिकताना ठरलेले आकडे, आहेत. शब्दाचा एकेक तुकडा लिहिताना प्रत्येक पॅरामीटरमागे साधारण दोन आकडेमोडी होतात, म्हणजे तुकड्यामागे ३५,००० कोटी. ॲपचा कोड दहा हजार तुकड्यांचा धरला, तर एकूण ३५ कोटी कोटी आकडेमोडी. ३५ कोटींना पुन्हा एक कोटीने गुणायचं! माणसाने सेकंदाला एक या वेगाने त्या करायच्या म्हटल्या, तर ११ कोटी वर्षं लागतील. सह्याद्रीचा कातळ ज्या लाव्हारसातून घडला तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सह्याद्री घडण्याच्याही आधी गणित करायला बसावं लागलं असतं.

पण खरा अचाट आकडा पुढेच आहे, आणि तो त्या बायकांच्या वहीत दडलेला आहे.

एका सभासदाबद्दल तीन प्रश्न: बैठकीला आली का, हप्ता भरला का, कर्ज बाकी आहे का. तीन हो-नाही म्हणजे ८ शक्यता. दोन सभासदांच्या मिळून ६४, पाच जणींच्या ३२,७६८, दहा जणींच्या १०७ कोटी. आणि वीस जणींच्या? सुमारे ११,५२९ कोटी कोटी. एका गटाच्या एका महिन्याच्या एकाच पानाच्या एवढ्या वेगवेगळ्या अवस्था! ॲप लिहायला यंत्राने केलेल्या सगळ्या आकडेमोडींच्या ही संख्या जवळपास ३३० पट आहे. सेकंदाला एक कोटी अवस्था तपासल्या तरी ३,६५० वर्षं लागतील. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला ताम्रपाषाणयुगातले शेतकरी वस्तीला आले, साधारण तेव्हा सुरुवात केली असती तर आत्ता कुठे तपासणी संपली असती.

अशी तपासणी अर्थातच कुणी करत नाही. प्रत्येकीचं खातं दुसरीपासून पूर्ण वेगळं असेल, तर ८ शक्यता पाहिल्या की काम भागतं. कोटी कोटींवरून थेट आठवर! पण बचत गटात खाती तशी वेगळी नसतात. कर्ज सगळ्यांच्या बचतीतून दिलं जातं. एकीने कर्ज उचललं, की उरलेल्या एकोणीस जणींसाठी शिल्लक कमी होते. एखादीने गट सोडला, तर तिची बचत परत करण्याआधी कर्ज वळतं करायचं का? अर्धाच हप्ता आला तर तो भरला म्हणायचा का? हे गटाच्या अध्यक्षांना आणि सचिवांना ठाऊक असतं. एआयला सांगितलं नाही, तर ते आपल्या मनाने ठरवून मोकळं होतं, आणि काय ठरवलं ते पडद्यावर दिसत नाही.

न दिसणाऱ्या गोष्टींची किंमत मोठी आहे. २०२५मध्ये लवेबलवर बनवलेली १,६४५ ॲप्स तपासली गेली. त्यातल्या १७० ॲप्समधली माहिती, अगदी नावं आणि ईमेलसुद्धा, कुणाही परक्याला वाचता येत होती. दिसायला ही ॲप्स उत्तम चालत होती. आपला स्वतःचा अंदाजही फसवा असतो. त्याच वर्षी मेटर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरकडून २४६ कामं करून घेतली. एआयमुळे आपला २० टक्के वेळ वाचला, असं त्यांना काम संपल्यावरही वाटत होतं. प्रत्यक्षात एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता.

तरीही हे साधन मला मोलाचं वाटतं, कारण नमुना आता इतका स्वस्त झाला आहे की तो बिनधास्त मोडता येतो. पूर्वी महिनाभर खपून केलेलं ॲप बदलायचं कुणाच्या जिवावर यायचं. आता पहिला नमुना खोट्या नावांनी आणि खोट्या रकमांनी भरून थेट बैठकीत न्यावा. सभासदांना सांगावं: अर्धा हप्ता भरून बघा, मागच्या महिन्याची नोंद आज करा, एकीला गटातून काढा, दुसरीचं पासबुक उघडता येतं का बघा. जे चुकेल ते लिहून घ्यावं, तो नमुना टाकून द्यावा आणि नवा करावा. बनवण्यातले वाचलेले दिवस या तपासणीला द्यावेत. आणि वीस जणींची बचत खरोखर त्या ॲपवर सोपवण्याआधी, माहिती कुणाकुणाला दिसते हे एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावंच.