तार की अलाइनर : निर्णयाचा क्रम

दहावीची परीक्षा आटोपून निकालाची वाट पाहण्याचे जे निवांत आठवडे मध्यमवर्गीय घरांत येतात, त्यांत मुलामुलींच्या वेड्यावाकड्या दातांचा, अभ्यासाच्या सबबीवर दोन-तीन वर्षे लांबणीवर टाकलेला प्रश्न अखेर ऐरणीवर येतो. आणि दवाखान्याची पायरी चढलेल्या आईवडिलांपुढे बहुधा पहिल्याच भेटीत एक दरपत्रक ठेवले जाते. धातूच्या तारेला इतके, दातांच्या रंगाच्या सिरॅमिकला इतके, दातांच्या मागून लावायच्या तारेला इतके आणि पारदर्शक अलाइनरला इतके, असे चार रकाने त्यावर असतात, व घरच्या ऐपतीप्रमाणे आणि मुलीच्या संकोचाप्रमाणे त्यांतला एक पसंत करावा अशी अपेक्षा असते. माझी तक्रार या क्रमाविषयीच आहे. साधन कोणते हा प्रश्न शेवटचा. दात कशामुळे वाकडे झाले आहेत, ते कोठून कोठे न्यावयाचे आहेत आणि ते नेण्याचे काम कोणाच्या देखरेखीखाली होणार आहे, हे तीन प्रश्न त्याच्या आधीचे आहेत, आणि त्यांची उत्तरे हाती आली म्हणजे चौथ्याचा निकाल पुष्कळदा आपोआप लागतो.

दात हाडात रुतून पक्का बसलेला असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतूंचे एक अस्तर असते, आणि दातावर सौम्य दाब पडत राहिला म्हणजे ज्या बाजूला हे अस्तर चेपले जाते त्या बाजूचे हाड एका प्रकारच्या पेशी हळूहळू विरघळवू लागतात, तर ज्या बाजूला ते ताणले जाते तेथे दुसऱ्या प्रकारच्या पेशी नवे हाड घालू लागतात. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभीच कुत्र्यांवरील प्रयोगांतून ही घडामोड सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली होती. दाब तारेचा आहे की प्लॅस्टिकचा, याची या पेशींना काही खबर नसते; दात साधारणतः महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास सरकतो, आणि दाब भलता वाढवला तर वेग वाढण्याऐवजी त्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटून काम खोळंबते व मुळांची टोके झिजण्याचा धोका मात्र वाढतो. म्हणूनच पूर्ण उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात, आणि केवळ अमुक एका साधनामुळे ही मुदत निम्म्यावर येईल असे आश्वासन कोणी दिले तर त्याचा आधार विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये दातांच्या व्यंगांचे तीन वर्ग पाडले, आणि त्यासाठी त्याने समोरच्या, दर्शनी दातांकडे न पाहता वरची व खालची पहिली कायमची दाढ एकमेकींवर कशी बसते हे पाहिले. या दृष्टीचे मोल आजही कमी झालेले नाही. वरचे पटाशीचे दात पुढे आलेली दोन मुले शेजारी उभी केली तर ती आपल्याला सारखीच दिसतील. पण एकाचे दात अंगठा चोखण्याच्या सवयीने नुसते बाहेर कललेले असतात, तर दुसऱ्याचा खालचा जबडाच मागे राहिलेला असतो. पहिल्याचे दात आत घेतले की काम झाले. दुसऱ्याला वाढीच्या वयात, स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या ट्विन ब्लॉकसारख्या साधनाने खालचा जबडा पुढे धरण्याची सवय लावता येते. तेच वय निघून गेल्यावर आला तर कदाचित जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. हा भेद उघड्या डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी सर्व दातांचा एकत्र एक्स-रे, चेहऱ्याच्या बाजूने काढलेला सेफॅलोग्राम, दातांचे साचे किंवा स्कॅन आणि छायाचित्रे लागतात, आणि एवढे दस्तऐवज समोर नसताना जो साधनाची शिफारस करतो तो नाडी न पाहता औषध देत असतो.

निदानातून निघणारा सर्वांत नाजूक प्रश्न म्हणजे दात काढावे लागतील काय. धडधाकट दात उपटायचा कशाला, ही घरातल्या वडीलधाऱ्यांची हरकत अगदी रास्त आहे, आणि खुद्द या शास्त्रातही तिच्यावरून मोठा वाद झालेला आहे. प्रत्येक दाताला कमानीत जागा करून देता येते अशी अँगलची श्रद्धा होती. कॅल्व्हिन केस यांनी १९११ मध्ये तिला उघड विरोध केला. आणि पुढे अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याला, दात न काढता उपचार केलेल्या आपल्या अनेक रुग्णांचे ओठ पुढे आलेले व दात पुन्हा वाकडे होत चाललेले पाहून, चार उपदाढा काढून त्यांतल्या कित्येकांचे काम नव्याने करावे लागले. आज या प्रश्नाचा निवाडा श्रद्धेवर न सोडता मापावर करतात. कमानीत जागा किती आणि दातांची एकूण रुंदी किती, ही वजाबाकी मांडली असता तूट दोन-तीन मिलिमीटरची निघाली, तर दातांच्या कडा शेजाऱ्याला लागतात तेथे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत घासून ती भरून काढता येते. तूट मोठी असेल तर सुमारे सात मिलिमीटर रुंदीची एकेक उपदाढ देण्यावाचून पुष्कळदा गत्यंतर नसते. आईवडिलांनी हा हिशेब कागदावर मागावा. ‘एकही दात न काढता’ ही जाहिरात ऐकायला गोड असली तरी तिच्यामागे ही वजाबाकी झालेली आहे की नाही, हे विचारल्यावाचून तिच्यावर विसंबू नये.

आता साधनांकडे वळू. धातूची तार हे सर्वांत जुने, सर्वांत स्वस्त आणि, माझ्या मते, शाळकरी मुलांसाठी अजूनही सर्वांत भरवशाचे साधन आहे. प्रत्येक दातावर ज्वारीच्या दाण्याएवढे एक ब्रॅकेट चिकटवलेले असते, आणि त्याच्या मधोमध ०.०१८ किंवा ०.०२२ इंच रुंदीची चौकोनी खाच असते. अँगलने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या रचनेचे मर्म त्या चौकोनात आहे. कारण चौकोनी खाचेत चौकोनी तार बसवली म्हणजे दाताच्या माथ्याबरोबर हाडात दडलेले मूळही हवे तसे वळवता येते. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी आम्लाने दाताचे कवच किंचित खरबरीत करून त्यावर राळ चिकटवण्याची युक्ती शोधली, आणि पूर्वी प्रत्येक दाताला घालावे लागणारे धातूचे कडे त्यामुळे पुढे बहुतांशी नाहीसे झाले. त्यानंतर निकेल व टायटॅनियमच्या लवचिक मिश्रधातूच्या तारा आल्या, आणि दर भेटीनंतरचे ठणकणे पुष्कळ सौम्य झाले.

गैरसोय नाही असे नाही. तार ब्रॅकेटला बांधणारी रबरी कडी फिकट रंगाची असेल तर वरण आणि बटाट्याची पिवळी भाजी यांच्या दोन-चार जेवणांत ती हळदीने रंगून जाते, म्हणून अनुभवी मुले पुढच्या भेटीला राखाडी किंवा गडद निळी कडी मागून घेतात. चकली, कडबोळी, चिक्की, ऊस आणि भाजलेले कणीस यांना मुदत संपेपर्यंत रजा द्यावी लागते; निखळलेले एक ब्रॅकेट म्हणजे एक जादा खेप आणि वाया गेलेले काही आठवडे. आणि ज्या मुलाला दोन वेळ नीट, ब्रॅकेटच्या भोवतीने दात घासण्याची सवय नाही, त्याच्या दातांवर तार निघाल्यावर पांढरट चट्टे उरतात. ते कवचातील क्षार झिजल्याचे चिन्ह असते व पुरते पुसले जातेच असे नाही. म्हणून ही सवय तार लावण्यापूर्वीच लागलेली असावी.

सिरॅमिकचे ब्रॅकेट काम तेच करते. ते कमी दिसते, पण ठिसूळ असते, व त्याची किंमत त्या न दिसण्याची असते. दातांच्या मागून लावायची तार बाहेरून मुळीच दिसत नाही. परंतु त, थ, द, ध ही व्यंजने उच्चारताना मराठी माणसाची जीभ वरच्या दातांच्या मागेच टेकते, आणि आरंभीचे काही आठवडे तेथे धातू लागून जीभ सोलवटते व उच्चार अडखळतात, हे शिक्षक, वकील आणि गाणारे यांनी आधी ध्यानात घ्यावे.

अलाइनरचा इतिहास अल्प आहे. झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली, आणि दातांचा संगणकावर आराखडा करून पारदर्शक साच्यांची मालिकाच तयार करण्याची पद्धत रूढ केली. एकेक साचा दाताला सुमारे पाव मिलिमीटर सरकवतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा घालायचा असतो. मात्र तो दिवसाचे २० ते २२ तास तोंडात राहिला पाहिजे, आणि आपल्या घरांतील दिवस पाहता येथेच खरी कसोटी आहे. सकाळचा चहा, न्याहारी, जेवण, चारचा चहा, कचेरीत कोणी आले म्हणून आणखी अर्धा कप आणि रात्रीचे जेवण, हे सारे उरलेल्या दोन-चार तासांत बसवायचे. कारण अलाइनर घालून गरम चहा प्यायला तर प्लॅस्टिक आपला आकार सोडते, आणि साखरेचा चहा त्याच्या आत अडकला तर दात किडायला वेळ लागत नाही. प्रौढ, शिस्तीच्या आणि दातांत थोडी दाटी किंवा फटी असलेल्या माणसाला अलाइनर उत्तम. गोल आकाराचे सुळे व उपदाढा फिरवणे, दात उभा खाली ओढणे आणि उपदाढ काढलेली जागा मुळासकट मिटवणे ही कामे त्याला जड जातात. त्यासाठी दातांवर रंगात मिसळणारे उंचवटे चिकटवावे लागतात, आणि तरीही मालिका संपल्यावर पुन्हा काही साचे करावे लागणे सामान्य आहे. संगणकाच्या पडद्यावर दात सरकताना दाखवतात तो उपचाराचा मसुदा असतो; प्रत्यक्ष दात तितके सरकतीलच अशी हमी त्यात नसते.

घरबसल्या माप पाठवून टपालाने अलाइनर मागवण्याच्या मार्गाविषयी मात्र मी स्पष्ट बोलेन : तो मार्ग धरू नये. हिरडीच्या रोगाने हाड खचलेले असताना दात सरकवला तर तो सैल होतो, आणि हिरडीची खोली मोजायला माणसाचा हात व सळई लागते. अमेरिकेत २०१४ मध्ये निघालेल्या स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीने हाच धंदा प्रचंड प्रमाणावर चालवला आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती एकाएकी बंद पडली. उपचार अर्ध्यावर असलेल्या गिऱ्हाइकांना तक्रार घेऊन जायला दवाखाना नव्हता, की त्यांचे तोंड ओळखणारा वैद्य नव्हता.

कोणतेही साधन निवडा, शेवटी रिटेनर, म्हणजे सरकवलेले दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन, घालायचा आहे. हिरडीतील ताणलेल्या तंतूंना नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभर किंवा अधिक काळ लागतो, आणि खालचे पुढचे दात तर कधी उपचार न केलेल्या माणसांतही वयाबरोबर दाटू लागतात. म्हणून रात्रीचा रिटेनर पुढे अनेक वर्षे चालू ठेवावा लागतो. खाणावळीत कागदी रुमालात गुंडाळून ठेवलेला रिटेनर ताटाबरोबर उचलला जातो, यास्तव त्याची डबी नेहमी जवळ असावी.

पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्याव्यात : एकूण रकमेत रिटेनर आणि जादा साचे धरलेले आहेत काय, तुटलेल्या ब्रॅकेटची आकारणी काय, आणि बारावीनंतर मुलगा दुसऱ्या गावी शिकायला गेला तर कागदपत्रे कोणाकडे सुपूर्द होणार. उपचार करणाऱ्याने बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समधील, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेतील, तीन वर्षांची एमडीएस पदवी घेतली आहे का, हे विचारण्यात काहीही अनमान करू नये. मूल सात वर्षांचे झाले की एकदा त्याची तपासणी करून घ्यावी. बहुतेकांना त्या वेळी काहीच करावे लागत नाही, पण मागे राहिलेला जबडा किंवा उलटा बसलेला दात तेव्हाच नजरेस येतो. आणि ज्यांना खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही त्यांनी हा विचार सोडून देऊ नये. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेच मुंबई महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात, ऑर्थोडॉन्टिक्सचे स्वतंत्र विभाग आहेत, तेथे शिक्षकांच्या नजरेखाली पदव्युत्तर विद्यार्थी हे काम खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात करतात. प्रतीक्षा करावी लागते, म्हणून दुधाचे शेवटचे दात पडू लागताच तेथे जाऊन मुलाचे नाव नोंदवून यावे.