सागरी शोभिवंत मासे: वीज गेल्यावर टाकीतले पाणी कुठे जाते?

आरे-वारे परिसरात घरी क्लाऊनफिश पाळणार असाल, तर टाकीखाली संप जरूर ठेवा. वरच्या टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या काठावरून संपमध्ये उतरते, गाळले जाते आणि पंप ते परत वर चढवतो. (दगडी प्रवाळ मात्र समुद्रातून आणू नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते संरक्षित आहे.)

कोकणात पावसाळ्यात वीज जातेच. पंप थांबला की काठावरचे सगळे पाणी खाली येते. टाकी १२० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि पाणी काठाच्या ३ सेंमी वर असेल, तर ते सुमारे १६ लिटर भरते. परतीच्या पाईपचे तोंड खोल बुडालेले असेल तर पाणी त्या वाटेनेही उलटे ओढले जाते. म्हणून तोंड पृष्ठभागालगतच ठेवा. एकमार्गी व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात क्षार अडकतात.

काचेवर टांगायचा, वाकड्या नळीचा ओव्हरफ्लो स्वस्त पडतो, पण नळीत हवा साठली की पाणी उतरणे बंद होते. पंप चालूच राहतो आणि टाकी उतू जाते. शक्य असेल तर भोक पाडलेलीच टाकी घ्या. नाहीतर पंपाचा कप्पा एवढा लहान ठेवा, की टाकी भरून वाहण्याआधी तो रिकामा होईल.

मासे सोडण्याआधी मुद्दाम पंप बंद करून पाहा. संप काठोकाठ भरत असेल तर पाणी कमी करा, पंप सुरू करा आणि स्थिरावलेल्या पातळीवर खूण करा. बाष्पीभवनाने पाणी घटले की गोडेच पाणी घाला, पण खुणेपर्यंतच.